अर्धी गोळी

"हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला. आता हलू नका."

वहिनी हलल्या नाहीत. टेलरमास्तरांची बायको म्हणून सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे, आणि त्यांनी रफू केलेली जागा कोण शोधून दाखवतो यावर लोक पैजा लावत. त्यांना सुईत दोरा ओवण्यापुरता चष्मा हवा होता. समोरची अक्षरं त्यांनी धडाधड वाचली होती. थेंब घातल्यावर मात्र सगळं धूसर झालं.

डॉक्टरीणबाईंनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिल्याकडे आल्या.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पांढरे ठिपके आहेत, कापसाच्या पुंजक्यांसारखे. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात."

"पण मला तर दिसतंय."

"दिसतंय तोवरच सांगते. साखर नाही, बीपी नाही म्हणता. मग दुसरं काही?"

दार लोटलंय ना, ते वहिनींनी वळून पाहिलं. "एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत."

"रोज घेता?"

"रोज." ते खोटं नव्हतं.

"मग हे दिसायला नको होतं. अंगातली रोगाशी लढायची ताकद पार उतरली की असे ठिपके येतात. ते जातीलही. पण त्यात दुसरा संसर्ग डोळ्यात शिरला, तर गेलेली नजर परत येत नाही. गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्रात उद्याच जा."

दुखणं दोघांनाही होतं, केंद्रात नाव मात्र एकट्या वहिनींचं. मास्तर म्हणाले होते, "मी लोकांच्या अंगाला टेप लावून पोट भरतो. त्या रांगेत कुणी बघितलं, तर दुकानाची पायरी कोण चढेल?" तेव्हापासून रोज जेवण झालं की ते वहिनींची गोळी कापड बेतायच्या फळीवर ठेवत आणि कात्रीने मधोमध कापत. अर्धी वहिनींना, अर्धी स्वतःला. नवराबायकोत आपपरभाव कसला, म्हणून वहिनींनी कधी हूं की चूं केलं नाही.

त्या घरी आल्या तेव्हा मास्तर शिवलेली बाही उसवत बसले होते.

"पुन्हा चुकली. या खडूत दम नाही, रेघ मध्येच गायब होते." गेल्या आठवड्यात त्यांनी हाच दोष बल्बला दिला होता.

"तुमचेही डोळे दाखवायला हवेत."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

जेवणं झाली. मास्तरांनी फळीवर गोळी ठेवली, कात्री चालवली.

"घे. अगदी सारखे."

वहिनींना अजून जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटाने चाचपलं. एक तुकडा जवळजवळ अख्खी गोळी होता, दुसरा नुसती कपची. मास्तरांचं कापणं कधी केसभर इकडचं तिकडे होत नसे. म्हणजे त्यांचीही नजर चालली होती. आपण इतकी वर्षं अर्धं अर्धं वाटून घेतलं ते औषध नव्हतंच, हे त्यांना आत्ता कळलं, आणि नवऱ्याचा नि स्वतःचा सारखाच राग आला.

त्यांनी दोन्ही तुकडे उचलून तोंडात टाकले आणि वर पाणी घेतलं. मास्तर समोरच बसले होते. त्यांचा हात फळीवर फिरू लागला. खडूपाशी, टेपपाशी, कात्रीच्या आसपास.

"माझा कुठे पडला गं?"

"उद्या माझ्याबरोबर रांगेत उभे राहा. अख्खी मिळेल."

हात तरीही फिरतच होता. वहिनींनी तो धरला आणि धरून ठेवला.