उलटी बाजू

शिंपीकाका मोठे खवट. कुणाचाही कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघायची आणि नाक मुरडायचं. सुनेने त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, अक्षरं मोठी केली, डावखुऱ्या सासऱ्यांसाठी सगळी बटणं डावीकडे आणली.

"मापात बसलंय खरं," काका गुरगुरले, "पण उलटं करून दाखव की!"

सुनेने शांतपणे त्याचा आतला कोड उघडला. ओळीमागून ओळी, संपता संपेनात. मध्येमध्ये अनोळखी माणसांनी लिहून ठेवलेलं, कुठली दुरुस्ती का केली ते.

"हे कुणीही उसवून बघावं?"

"कुणीही, बाबा."

काकांनी आ वासला तो वासलेलाच. मग मशीनवरचा आपणच शिवलेला कोट त्यांनी हळूच उलटा केला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या शिवणीला नाक मुरडलं.