आवाज न करणारी उडी

संध्याकाळी सहा वाजता संघाच्या कर्णधार मुलीने टेबलावरून उडी मारली. ती जमिनीवर आली, पण आवाज झाला नाही.

बास्केटबॉलच्या हॉलमधली गर्दी उठून उभी राहिली. मग टाळ्या, शिट्ट्या.

"पाहिलंत? जमिनीने मारलं, गादीने पोटात घातलं!" बुटातल्या गाद्या विकणारा, स्वतःला पदगुरू म्हणवणारा बाबा गरजला. मुलीच्या बुटातून त्याने बोटभर जाडीची जांभळी गादी उपसली आणि नवजात बाळासारखी उंच धरली. "रोज पहाटे हिच्या कानात मंत्र सांगतो मी."

"गादीला कान कुठे असतात?" मागून मुलीच्या मावशीने विचारले.

लोक हसले, पण तिच्यावर.

मावशी हाडांची डॉक्टर. मुलीच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली होती, ती तिनेच शोधली होती आणि खेळ बंद सांगितला होता. मुलीचे वडील तेव्हा मुकाट्याने हो म्हणाले होते. तेच संघाचे प्रशिक्षक. त्यांची शिकवण्याची एक रीत होती: खेळाडूंकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि पाय टेकल्याचा आवाज ऐकायचा. "वाजला! गुडघा झोपलाय तुझा!" म्हणून ते ओरडत. आवाज टाळायचा तर गुडघे वाकवावे लागत. त्या रीतीने कितीतरी मुलींचे पाय वाचले होते. आज त्याच रीतीने त्यांनी लेकीची उडी ऐकली, आणि डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"मारच बसत नाही तर तिला बसवून कशाला ठेवू? उद्या अंतिम सामना आहे."

"भाऊजी, तुम्ही ऐकलंत. मी बघितलं. तिचे गुडघे काठीसारखे ताठ होते."

"मावशी, दुखत नाहीये गं," मुलगी म्हणाली. "खरंच बरं वाटतंय."

मावशी कॅन्टीनमध्ये गेली आणि घट्ट मळलेली कणीक घेऊन आली. सारखे चार गोळे केले, जमिनीवर ठेवले, वर फळी टाकली.

"गुरुजी, या. बाकावरून उडी मारा."

"मी?" पदगुरूने पोट सावरले. "आज माझं मौन आहे."

"मघापासून कोण बोलतंय मग?"

आता हसू त्याच्यावर उलटले. शेवटी मावशीच पदर खोचून बाकावर चढली. "फळी मोडेल, डॉक्टर!" कोणीतरी ओरडले. आधी साधे बूट. गुडघे चांगले वाकवून ती उतरली. टप्प आवाज झाला. गोळे जरा बसले. मग नवे गोळे, बुटात जांभळी गादी, पाय मुलीसारखेच ताठ. आवाज जवळजवळ नाहीच.

"या भाऊजी. फळी तुम्हीच उचला."

त्यांनी फळी उचलली. गोळ्यांच्या पापड्या झाल्या होत्या.

"गादीने आवाज खाल्ला, मार नाही खाल्ला," मावशी म्हणाली. "मऊ लागलं की पाय बेसावध होतो, वाकायचं विसरतो. मग सगळा दणका हाडात. तळव्याला टोचत नाही, म्हणून हिला बरं वाटतं. ते खोटं नाही. पण बरं वाटलं म्हणून चीर भरून येत नाही."

"संशयी पायाखाली गादी काम करत नाही," पदगुरू पुटपुटला.

"कणीकही संशयी होती का हो?"

कोणीतरी विकत घेतलेली एक गादी त्याच्या तोंडावर फेकली, मग दुसरी आली. मघाशी त्याच्या पाया पडलेलेच फेकत होते. तो मागच्या दाराने पळाला.

मावशीने हात वर केला. "त्याला मारून काय होणार? पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, कशाने मोजलं? टाळ्या नंतर वाजवा."

लोकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या.

प्रशिक्षक फळी हातात धरून उभे होते. "तूच ठरव," ते लेकीला म्हणाले. दुखऱ्या पायाच्या सोळा वर्षांच्या मुलीला, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. मावशीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी खेळली, बुटात जांभळ्या गाद्या घालून. उत्तरार्धात ती चेंडूसाठी उंच उडाली, खाली आली आणि उठली नाही. पाय नडगीपाशी जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. संघ जिंकला. चषक घेताना कोणीतरी तिचे नाव घेतले.

आता गावभर म्हणतात, मावशीच्या संशयाने गादी बाटली. पदगुरूही शेजारच्या हॉलमध्ये हेच सांगतो, आणि तिथेही गर्दी आहे.

हाडात सळी घातली आहे. ती पुन्हा खेळेल का, हे मावशीसकट एकही डॉक्टर सांगत नाही. वडील इस्पितळात तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून असतात. काल दुपारपर्यंत तिने त्यांना आत येऊ दिलेले नव्हते.