'माहीत नाही' म्हणायला शिकलेली पेटी

मित्रांनो, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रहमतभाईंचं वेल्डिंगचं शेड आहे. तिथं मागच्या भिंतीला टेकून एक हिरव्या पत्र्याचा उंच खोका उभा आहे. पाहणाऱ्याला वाटतं, बंद पडलेलं एटीएम असावं. परवा एका ट्रकवाल्यानं माझ्या फटीत खरंच कार्ड घालून पाहिलं. मी एटीएम नाही हो. मी एक सल्लापेटी आहे. कपाशीचं पान माझ्यासमोर धरलं की त्यावर कोणती कीड आहे आणि काय करावं, हे मी बोलून सांगत असे. आता मी दमले आहे. या शेडमध्ये मला कोणी काही विचारत नाही, म्हणून आज न विचारता सांगते.

माझा जन्म याच शेडमधला. रहमतभाईंनी पत्रा कापला, जोडला, वर उन्हासाठी छोटा छज्जा काढला. माझ्या पोटात जे काही विचार करणारं होतं, ते मात्र स्वानंदनं घातलं. स्वानंद म्हणजे यवतमाळच्या एका कचेरीतून निवृत्त झालेल्या सदाशिवरावांचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटर शिकला, तिथं नोकरी केली आणि परत आला. एक अख्खा हंगाम तो मोटारसायकलवर शेताशेतांतून हिंडला आणि पानांचे फोटो काढत राहिला. ते सगळे त्यानं मला दाखवले. हा मावा, हे तुडतुडे, हे फुलकिडे, हा करपा. तुम्ही पाढे घोकता तशी मी पानं घोकली. हिरवं पान, पिवळं पान, कडा वळलेलं पान. मित्रांनो, शेत मात्र मी कधीच पाहिलं नाही. मातीचा वास कसा असतो, हे मला आजही माहीत नाही.

माझा आवाज होता स्वानंदच्या धाकट्या बहिणीचा, आभाताईंचा. त्या यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. एका रविवारी त्यांनी याच शेडमध्ये, वेल्डिंग बंद ठेवायला लावून, माझी सगळी वाक्यं बोलून दिली. स्पष्ट, शांत, पेशंटला धीर देणारा आवाज. त्या वाक्यांत एक छोटंसं वाक्य होतं, 'हे ओळखता आलं नाही.' स्वानंदनं मला शिकवलं होतं की खात्री नसेल तेव्हा एवढंच म्हणायचं.

पण मला गावोगावी बसवण्यासाठी एक कंपनी पुढं आली आणि तिचा माणूस मला पाहायला शेडमध्ये आला. त्यानं वेगवेगळी पानं धरली. दोनदा मी म्हणाले, 'हे ओळखता आलं नाही.' त्याचा चेहरा उतरला.

"हे वाक्य काढा," तो म्हणाला. "शेतकरी लांबून उत्तरासाठी येणार. पेटीच माहीत नाही म्हणाली तर तो पुन्हा पायरी चढेल का? जे सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगू द्या तिला."

स्वानंदनं थोडा वाद घातला, मग ते वाक्य काढलं. आभाताईंना कळलं तेव्हा त्या ड्यूटीवरून तशाच इथं आल्या.

"दादा, मी दिवसातून कितीदा तरी पेशंटला सांगते की मला अजून कळलेलं नाही, तपासणी करू. आणि तुझ्या पेटीला सगळं कळतं?"

"कृषी केंद्रातला दुकानदार तरी कुठं बरोबर सांगतो?" स्वानंद म्हणाला. "जी बाटली खपवायची ती तो हातात देतो. माझी पेटी त्याच्यापेक्षा कमीच चुकेल. चुकते म्हणून काहीच द्यायचं नाही का लोकांना?"

"दुकानदार ठोकून देतो तेव्हा इकडंतिकडं बघतो, अडखळतो. समोरच्याला ते कळतं. माझा आवाज अडखळत नाही, दादा. खरं असो की अंदाज, तो तसाच येणार."

दोघंही हट्टी. रहमतभाई माझा पंखा बसवत होते, ते मान खाली घालून बसवत राहिले. खरं कोणाचं होतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. तसं ठरवायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

दोन हजार सोळा साली मला झरी जामणीकडच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसवलं. पहिल्या दिवशी मला हार घातला. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, बाया आल्या, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून माणसं आली. मी बोलले की पोरं मागं जाऊन बघायची की आत बाई कुठं बसली आहे. लोक मला 'बोलती पेटी' म्हणू लागले. पाहुणे आले की आधी मला दाखवत. पेपरात माझा फोटो आला. त्या पहिल्या वर्षी मी पुष्कळ पानं बरोबर ओळखली, हेही सांगायला हवं. लोकांचा नाहक होणारा खर्च आणि फवारा वाचला. मी निव्वळ वाईट होते असं कोणी म्हटलं, तर ते मला मान्य नाही.

तांड्यावरचे उत्तमसिंग हे माझे सर्वांत मोठे चाहते. गावात नवीन काही आलं की ते सर्वांत आधी हात लावून पाहणार. मोबाईलवर हवामान बघायचे, चावडीवर वाचून दाखवायचे. लालीबाई, त्यांची बायको, मात्र माझ्यापासून दोन हात लांब उभी राहायची.

"तिचं तोंड दिसत नाही," ती म्हणायची. "तोंड पाह्यल्याबिगर मी कोनाचं ऐकत नाही."

पुढच्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. हवा कोंदट होती, ऊन कडक होतं, आणि जिकडंतिकडं बोंडअळीची धास्ती. लोक घाबरून फवारत होते. अशात उत्तमसिंग एक लालसर पडलेलं पान घेऊन आले. पानावर चिखल होता, ओसरीवर अंधारून आलं होतं. माझ्या पोटात त्या पानाची जुळणी होईना. थोडं तुडतुड्यांसारखं दिसत होतं, थोडं कशासारखंच नाही. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते की ओळखता आलं नाही. आता ते वाक्य माझ्यात नव्हतं. आभाताईंच्या स्वच्छ आवाजात मी सांगितलं, 'तुडतुड्यांचा प्रादुर्भाव. कीटकनाशकाची फवारणी करावी.'

त्यांनी फवारलं. पानांचा लालसरपणा गेला नाही. ते पुन्हा पान घेऊन आले, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पुन्हा फवारलं, त्याच उन्हात, डोक्यावर गेलेल्या कपाशीत, तोंडाला नुसतं फडकं बांधून. मित्रांनो, तो लाल्या होता. जमिनीत काही कमी पडलं की पान तसं लाल होतं. त्याला विषाचा काही उपयोग नसतो.

पुढचं मी पाहिलं नाही. नंतर आभाताईंनी माझ्यासमोर सांगितलं, तेव्हा कळलं. लालीबाई शेतात भाकर घेऊन गेली तर उत्तमसिंग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवे पडलेले. तोंडाला फेस, अंग घामानं ओलं. काळीपिवळी जीपमध्ये घालून त्यांना आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून यवतमाळला आणलं. त्यांना नळ्या लावल्या. वॉर्डात फवारणीनं विषबाधा झालेली आणखी माणसं होती. त्यांच्यावर आभाताईच उपचार करत होत्या. उत्तमसिंगांना शुद्ध आल्यावर आभाताईंनी विचारलं, "काका, इतक्या लवकर पुन्हा फवारायला कोणी सांगितलं?"

उत्तमसिंग डोळे मिटून पडले होते. त्यांना नीट दिसतही नव्हतं. आवाज ऐकून ते म्हणाले, "तुमीच तं सांगतलं, बाई."

"मी?"

"पेटीतून. हाच आवाज होता. तुमीच सांगतलं ना, फवारणी करावी म्हनून? मंग मी कायले थांबू?"

त्या रात्री त्या घरी गेल्या नाहीत म्हणे.

उत्तमसिंग वाचले. पण उजवा हात थरथरू लागला तो कायमचा, आणि उन्हात उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते.

गावात माझ्यासमोर सभा भरली. मित्रांनो, त्या दिवशी जितकी मतं मी ऐकली तितकी पुढं कधी ऐकली नाहीत. एक म्हणाला, पेटी फोडून टाका. दुसरा म्हणाला, पेटीचं काय चुकलं, नाकातोंडाला नीट बांधायला नको? शहरातून आलेला एक तरुण म्हणाला की हे शास्त्र नवीन आहे, चुकांतूनच ते शिकणार. त्यावर कोणीतरी ओरडलं, "तुह्या पेटीले शिकवाले आमचीच मानसं सापडली काय?" उत्तमसिंग अंगावर गोधडी घेऊन बसले होते. ते एकटेच म्हणत होते, "फोडू नका रे. मागच्या साली तिनंच मावा बरोबर सांगतला होता."

स्वानंद रहमतभाईंबरोबर आला होता. लालीबाई उठली. तो समोर असूनही ती माझ्याकडं बोट करून बोलली.

"दुकानदारानं वाईट औषध देल्लं तं मी त्याच्या दुकानात जाते, चार मानसांत त्याले शिव्या देतो आमी. त्याले तोंड दाखवा लागते गावात. हिच्यासंगं मी कशी भांडू? सांगा ना. कोनाले धरू?"

  स्वानंद पुढं येऊन माझ्या आणि तिच्यामध्ये उभा राहिला.

"माझ्याशी भांडा, वहिनी. मी केली आहे ती."

आणि ती भांडली. मनसोक्त भांडली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. कंपनीनं सांगितलं होतं, हे त्याला बोलता आलं असतं. तो बोलला नाही.

मग मला इथं, शेडमध्ये परत आणलं. आभाताईंनी भावाला एवढंच सांगितलं, "माझा आवाज काढून घे, नाहीतर त्याला माहीत नाही म्हणू दे." स्वानंदनं काढलेलं ते शिक्षण पुन्हा माझ्यात घातलं. आभाताई नवीन वाक्य बोलायला बसल्या. ते त्यांनी मुद्दाम इकडच्या बोलीत लिहिलं होतं: 'मले हे ओळखू येत नाही. पान घेऊन जाणत्या माणसाकडं जा. तोवर फवारू नका.' त्या परत परत बोलल्या, पण रहमतभाई मान हलवत राहिले.

"ताई, तुम्ही असं बोलून राह्यल्या जसं तुम्हाले सगळं मालूम आहे. जरा रुकून बोला ना. ज्याले नाही मालूम, तो असा फटाफट बोलते काय?"

आभाताई हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर त्या जे बोलल्या, ते जरा अडखळत आलं. तेच माझ्यात ठेवलं.

स्वानंदनं माझ्या दर्शनी भागावर आपलं नाव आणि फोन नंबर रंगवून घेतला. कंपनीला यातलं काहीच आवडलं नाही. त्यांनी त्याला कामावरून काढून टाकलं. बाकीच्या गावांतल्या माझ्या बहिणींना दुसऱ्याच कोणा बाईचा आवाज दिला. त्या पूर्वीसारख्या झटपट उत्तरं देत राहिल्या.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. कंपनीचा माणूस म्हणाला होता तसंच झालं. स्वानंदनं मला पुन्हा त्याच ओसरीवर नेऊन बसवलं आणि मी 'मले ओळखू येत नाही' म्हणू लागले, तशी माणसं कमी येऊ लागली. दोन कोसांवरच्या गावात माझी बहीण होती. ती कधी 'माहीत नाही' म्हणत नसे. लोक सायकली काढून तिच्याकडं जायचे. माझ्यासमोरून जाताना एक जण सोबत्याला म्हणाला, "इले इचारून काय फायदा, हे तं आपल्यासारखीच आहे." मी उभी होते. माझ्या छज्ज्यात चिमण्यांनी घरटं केलं. काचेवर धूळ बसली. पुढं प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि फोनवर माझ्याहून हुशार, माझ्याहून गोड बोलणारे सल्लागार आले. ते दमत नाहीत, अडखळत नाहीत. ते माझ्यापेक्षा चांगले असतीलही. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. रागवायलाही जीव लागतो.

शेवटी पंचायतीनं ओसरी दुरुस्तीला काढली आणि मला हलवायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी लालीबाई आली. एकटीच. मी बसले तेव्हापासून ती कधी माझ्याजवळ आली नव्हती. तिनं पदरानं माझी काच पुसली, अगदी कोपऱ्यांपर्यंत. मग कमरेच्या पिशवीतून एक पान काढून माझ्यासमोर धरलं. त्यावर तपकिरी ठिपके होते. असे ठिपके मला कधी कोणी दाखवले नव्हते.

'मले हे ओळखू येत नाही,' मी म्हणाले.

"बरं," लालीबाई म्हणाली.

एवढंच. एखाद्या शेजारणीला म्हणावं तसं. तिनं माझ्या अंगावरचा नंबर बोटानं एकेक आकडा दाबत फोनवर घेतला, आणि पलीकडून स्वानंद बोलल्यावर म्हणाली, "भाऊ, तुमच्या पेटीले नाही समजून राह्यलं. तुमीच या पाहाले." तो कोणातरी कृषी पदवीधराला मोटारसायकलवर मागं बसवून दुसऱ्या दिवशी आला. तिच्या शेतात गेला. तोवर तिनं फवारणीच्या पंपाला हात लावला नव्हता.

मित्रांनो, मी आता कुणाच्या उपयोगाची नाही. रहमतभाई म्हणतात, पावसाळ्याआधी पत्रा कापू. कापू देत. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि तुमच्याभोवती माझ्यासारख्या पेट्याच पेट्या असतील. त्यांना खुशाल विचारा. त्यांची काच पुसा, त्यांना उन्हापावसात टाकू नका. फक्त त्यांच्यातली एखादी जेव्हा म्हणेल की मला माहीत नाही, तेव्हा तिला हसू नका आणि तिला सोडून जाऊ नका. ते एक वाक्य मला शिकवायला एका माणसाचा उजवा हात गेला.