कणेबाबांचा पू

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कणेबाबांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्या शेजारच्या शिवणवाल्या वहिनींना बाकावर पालथं निजवलं.

"कणा म्हणजे घराचा खांब! खांबाला कीड लागली की घर डुगडुगणारच! ना सुरी, ना टाका. पाहा, कीड कशी वितळते!"

त्यांनी पाठीवर ओला कापूस दाबला. बोटांमधून पिवळसर पू वाटीत टपटपला. कातडीवर ओरखडासुद्धा नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तेवढा हाताची घडी घालून उभा. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं. शंका घेतल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

वहिनींचं दार माझ्या दारासमोर. नवरा गेल्यापासून त्या एकट्या, मी तर पहिल्यापासूनच एकटा. त्यांचं मशीन थांबलं की जिन्यात चिटपाखरू नसे. महिनाभर त्यांची पाठ ठणकत होती, अंगात ताप मुरला होता, पाय मशीनच्या पायडलवर टिकत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्या जिन्यात कोसळल्या. मी त्यांना इस्पितळात नेलं.

डॉक्टरबाईंनी फोटो दाखवला. "जंतूंनी दोन मणके पोखरलेत. आत साठलेला पू मज्जारज्जू दाबतोय. ऑपरेशन करून तो काढायचा, मणक्यांना स्क्रू-सळ्यांचा आधार द्यायचा, मग बरेच दिवस औषधं. उशीर झाला तर पाय कायमचे जातील."

"पण पू तर बाबांनी काढलाय!" वहिनींनी पिशवीतून बाबांनी तो पू भरून दिलेली डबी काढली. "आणखी एकदा गेले की उरलेलाही निघेल. मला नको ते ऑपरेशन."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. जखमेला लावायच्या आयोडीनचे दोन थेंब त्यांनी डबीत टाकले. पू निळाकाळा झाला. पिठात आयोडीन पडलं की असंच होतं; हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी करायचो.

"वहिनी," मी म्हणालो, "ही पिठाची खळ आहे. कापसात भरून आणायची, दाबली की गळते."

"खरा पू खोल, हाडापाशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कातडी न चिरता तो बाहेर येईल कुठून?"

वहिनी डबीकडे बघत राहिल्या. "वास आला होता मला, मास्तर. सगळा जन्म कपड्यांत गेला, खळ ओळखू येणार नाही?"

"मग परत जायचं म्हणता कशाला?" मी विचारलं.

"बाबा पाठीवर हात ठेवून विचारतात, 'बाई, फार दुखतंय का?' दुसरं कोण विचारतं मला?"

समोरच्या दारात राहून मी त्यांना बाबांवरून टोमणे तेवढे मारले होते.

"यांच्यासोबत कोण आहे?" नर्सने विचारलं.

"मी आहे," मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि ऑपरेशनला मान डोलावली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पायाची बोटं हलवली. मला रडू आलं.

तेव्हा मंडळी, पाठदुखीबरोबर ताप असेल, पायांतली ताकद जात असेल, तर तडक डॉक्टर गाठा. जंतूंना मंत्र कळत नाहीत. आणि समोरच्या दारात कोणी एकटं राहत असेल, तर दुखतंय का, हे आधी तुम्ही विचारा. तुम्ही नाही विचारलंत, तर विचारायला बाबा टपलेलाच आहे.