बबनरावांच्या हरभऱ्यातलं पिलू

ताराबाईनं आजवर शेळ्या-मेंढ्यांची हजारभर बाळंतपणं केली असतील, आणि त्यात तिची चूक काढायची कुणाची छाती झाली नव्हती. म्हणूनच तर ही चूक झाली.

दिंद्रुडच्या शिवारात बबनरावांच्या पडीक रानात तिच्या मेंढ्या लेंडीखतासाठी बसवल्या होत्या. नवरा पुढचं रान ठरवायला गेलता. सकाळी ती शेजारच्या हरभऱ्यातून चालली, तर पायाशी हरणाचं पिलू. दोन-चार दिवसांचं, मान भुईला चिकटवून पडलेलं. हात लावला तरी हललं नाही, ओरडलं नाही. करडाला आई दिसली नाही की ते शिवार डोक्यावर घेतं. जे ओरडत नाही ते मरायला टेकलेलं, हा तिचा ठोकताळा. आई कुठं दिसेना, पिलू मुकं. तिनं ते पदरात घेतलं.

पुढचंही तिनं रीतसर केलं. ताज्या व्यालेल्या भुऱ्या शेळीचं दूध पिलाच्या पाठीला, शेपटीखाली चोळलं. स्वतःच्या दुधाचा वास आला की शेळी परक्याचंही चाटून आपलं करते. भुरी आधी लाथा झाडायला लागली. ताराबाईनं तिचा मागचा पाय बांधला, पिलू आचळाला लावलं. दिवस मावळेपर्यंत भुरी त्याला चाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी बबनराव आले. गेल्या आठवड्यात हाच माणूस डबा बडवत हरणांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. आज पिलू मांडीवर घेऊन चार फोटो काढून घेतले, त्यातला मिशा नीट आलेला निवडला आणि ‘मुक्या जीवांवर प्रेम करा’ लिहून मोबाईलवर सगळ्यांना पाठवला.

“का गं ताराबाई, ह्यानं माझाच हरभरा खाल्ला असंल न्हाई?”

“आईच्या पोटात असताना खाल्ला, अण्णा.”

“मग घरचंच म्हणायचं.”

फोटो फिरत फिरत वनखात्यात पोचला. तिसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक अजिनाथ मोटारसायकलवर हजर. बबनरावांना तेवढ्यात केजला जायचं काम आठवलं.

“मावशी, हे उचललं कावून?”

“आईनं टाकलं होतं.”

“टाकलं न्हाई, ठेवलं होतं. पहिले पंधरा दिवस हरणी पिलाला असंच लपवून ठेवते. स्वतः लांब चरते, म्हंजे कोल्ह्या-कुत्र्याला पत्ता लागत न्हाई. दिवसातून दोन-तीनदा येऊन पाजते. वरडायचं न्हाई, हेच त्याचं पहिलं शिक्षण.”

ताराबाईची नजर बांधाकडं गेली. दोन दिवस समोरच्या बांधावर एक हरणी उभी असायची. हरभऱ्यावर टपलीय, असं समजून तिनंच दगड मारून हाकलली होती.

“मी वाढवते की,” ती म्हणाली.

“नर हाय. तीन वर्सांत काळा पडंल, शिंगाला पीळ येईल, मानसाचं भ्या ऱ्हानार न्हाई. तुमालाच ढुसण्या देईल. रानात सोडलं तर कळप घेणार न्हाई. मग जलमभर पिंजऱ्याच्या जाळीत.”

दिवस कलताना पिलू सापडलं होतं तिथंच नेऊन ठेवलं. दोघं लिंबाखाली बसले. हरणी आली. चार पावलं, थांबली, चार पावलं. पिलाजवळ नाक नेलं आणि झटक्यानं मागं घेतलं. खूर आपटला. पुन्हा हुंगलं, शेपटीखाली, पाठीवर, आणि लांब सरली.

ताराबाईचे हात शिवशिवत होते. शेळी असती तर पाय बांधला असता, दूध चोळलं असतं, तोंड धरून लावलं असतं. चाळीस वर्षांची विद्या, आणि पन्नास पावलांवरच्या हरणीपुढं तिचा काडीइतका उपयोग नव्हता.

मेंढ्यांच्या वाड्यावरनं भुरी ओरडली. पिलानं मान वर केली. लटपटत उठलं, हरणीच्या समोरून निघालं आणि ताराबाईकडं चालत आलं.

“हात लावू नका,” अजिनाथ हळूच म्हणाला.

तिनं हात पाठीमागं बांधले. पिलू तिच्या गुडघ्याला ढुसण्या देत आचळ शोधू लागलं. सापडेना, तेव्हा पदराचं टोक तोंडात धरून चोखत राहिलं. बांधावर हरणी बराच वेळ उभी होती. मग लांब चरणारा हरणांचा कळप हलला तशी तीही हलली.

“सकाळी परत बघू,” अजिनाथ म्हणाला, आणि पिलू न्यायला मोटारसायकलला बांधून आणलेली पाटी सोडायला उठला.