रुमालाला तिकीट नसतं

बाबांनी पाय धुवायच्या नळाखाली रुमाल धरला, पिळला, झटकला आणि सहाव्या आरामखुर्चीच्या उशाशी नीट पसरला. मग समुद्राकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून तिथेच उभे राहिले. घरची माणसं पाच, धरलेल्या खुर्च्या सहा. त्यातली सहावी माडाच्या बुंध्याशी, गच्च सावलीत, आणि तिच्यावर कोणी टेकायचंसुद्धा नाही. नात चिंगी एकदा ओल्या अंगाने बसली, तर तिलाही उठवलं.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आई-बाबांना विमानात बसवून इतक्या लांब आणलं ते काय खुर्च्यांची राखण करायला? आल्यापासून रोज हेच. सगळे आंघोळी उरकून खाली येईपर्यंत बाबा किनाऱ्यावर खुर्च्या अडवून तयार. रिसॉर्टची पोरं त्यांना बघून हसत होती आणि जावईबापू तोंडापुढे पुस्तक धरून हे आपले कोणीच नव्हेत, असं दाखवत होते.

आणि हे करत होतं कोण, तर बाबा! बाबांची अख्खी नोकरी बसच्या कंडक्टरकीत गेली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. तसला रुमाल ते दोन बोटांत मेल्या उंदरासारखा उचलत आणि बसभर ऐकू जाईल असं विचारत, "कोणाचा हा? रुमालाला तिकीट नसतं. उचला." मग शेजारी उभ्या असलेल्या बाईला तिथे बसवत. त्यांच्या या बाण्याचं कौतुक ऐकतच लेक आणि तिचा दादा लहानाचे मोठे झाले.

तोच बाणा त्यांनी घरातही दाखवला. दादा परस्पर लग्न करून बायकोला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा बाबांनी चौकटीला आडवा हात लावला होता. "जागा नाही," ते म्हणाले. "पुढची गाडी बघा." बघ नाही, बघा. पोटच्या पोराला त्यांनी परक्या प्रवाशासारखं हटकलं. सुट्टीत त्यांच्या बसमधून जाताना याच दादाचा उन्हाने घोळणा फुटायचा, तेव्हा बाबा त्याला आपल्या जागेवर बसवायचे, डोक्यावर ओला रुमाल ठेवायचे आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उभ्याने जायचे. त्याच पोराला 'जागा नाही' म्हणताना यांची जीभ कशी झडली नाही, असं लेकीला अजून वाटत असे. दादाने पुढची गाडी पकडली ती थेट परदेशाची.

लेकीने हा देश निवडला तो म्हणूनच. दादा इथून बोटीने तासाभरावर राहत होता. पहिल्याच संध्याकाळी तिने आईच्या कानावर घातलं. बाबा दात घासत होते. त्यांनी ब्रश तोंडातून काढला आणि आरशात बघूनच सांगितलं, "इथे कोणी आलं, तर मी परतीचं विमान धरीन." दादाचा निरोप तेव्हापासून तिच्या फोनवर पडून होता: 'येऊ का? बाबा काय म्हणाले?' काय उत्तर देणार, कपाळ! उद्या तर निघायचं होतं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी गोरी बाई आली. उन्हाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने हसून सहाव्या खुर्चीकडे बोट केलं.

"नो," बाबा म्हणाले. "मॅन कमिंग."

लेक ताडकन उठली.

"बाबा, उचला तो रुमाल."

"राहू दे."

"अहो, त्या उन्हात उभ्या आहेत. लाज वाटू द्या जराशी!"

"माझ्या खुर्चीवर बसू दे त्यांना. ही नाही."

खरोखरच त्यांनी आपला टॉवेल काढून घेतला, त्या बाईंना हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तापलेल्या वाळूत उभे राहिले. लेकीला त्याचाही संताप आला. उन्हात भाजतील, पण हट्ट सोडणार नाहीत. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

"कोणासाठी धरलीय?" तिचा आवाज चढला. "सांगा ना सगळ्यांना. रुमालाला तिकीट आहे का?"

जावईबापूंनी पुस्तकाचं पान उलटलं आणि लगेच परत उलटलं. आई पदराशी चाळा करत राहिली. बाबांचे कान लाल झाले. माडाची सावली सरकून खुर्चीच्या उशाशी ऊन आलं होतं. त्यांनी वाकून खुर्ची ओढली, उशाचा भाग पुन्हा सावलीत घेतला. रुमाल चाचपून पाहिला. तो वाळला होता. तो उचलून ते नळाकडे चालू लागले.

लेक बघत राहिली. वाऱ्याने उडू नये म्हणून भिजवतात, असं ती इतके दिवस समजत होती. तिने आईकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मला कोण काय सांगतंय?" आई म्हणाली. "पण ऊन त्याला अजून बाधतच असेल."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचंच होतं. तोंड उघडून 'बोलाव त्याला' एवढं म्हटलं असतं तर काय झिजले असते? इथे आल्यापासून हा माणूस जागा धरून उभा आणि तिकडे दादा उत्तराची वाट बघत बसलेला. तिने फोन घेतला आणि जोरजोरात टाइप केलं: 'ये. दुपारची बोट धर. वहिनीला आण.'

"बाबा!" ती भांडणाच्याच आवाजात ओरडली. "नीट भिजवा. दुपारच्या बोटीने येतोय तो."

बाबा वळले नाहीत. नळ बराच वेळ चालू राहिला. मग ते आले, रुमाल होता तिथे पसरला आणि खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली, तिकिटं काढायच्या आधी फिरवत तशी. चिंगीच्या खुर्चीवरची बादली आणि टॉवेल उचलून त्यांनी तिच्या हातात दिले.

"चिंगे, तू आजीजवळ बस," ते म्हणाले. "चला, सरकून घ्या जरा. दोघं आहेत."