खांदा तेरा, हँडल वीस

"सरलाबाई, सोमवारपासून तुमी आत बसा. पानी पाजा, टेबलं पुसा. डाक नत्थू नेईन," असं म्हणून आवक-जावकचे नीलकंठबाबू चष्मा पुसू लागले. कडू बोलायचं असलं की त्यांचा चष्मा हमखास मळायचा.

सरला दारातच थबकली. पाच वाजून गेले होते आणि दोन पाकिटं अजून पिशवीतच होती.

"हात सुन्न पडून राहिले ना बाबूजी. तिसऱ्या ऑफिसानंतर ब्रेकच दाबल्या जात नाही."

"म्हनूनच म्हनतो. बाप्या मानसाची सायकल, बाप्या मानसाचं काम. झेपत नाही, त्यात लाज काय?"

लाज नव्हतीच, संताप होता. नवं राज्य होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. कुठलं कार्यालय कुठल्या भाड्याच्या बंगल्यात बसतं, हे रिक्षावाल्यांनाही सांगता येत नव्हतं. सरलाला मात्र सारी राजधानी पाठ होती. शंकर नगरातल्या कोणत्या फाटकात कुत्रा आहे, कुठला शिपाई किती वाजता जेवायला उठतो, सगळं. कार्यालयात ती नवऱ्याच्या, देवीदासच्या जागी लागलेली बाई होती. डाकेच्या फेरीवर ती सरला होती. पाणी पाजणं काही वाईट काम नव्हे, पण तिला ते नको होतं.

"सोमवार एक दिवस द्या," ती म्हणाली. "अकरा ठिकानची डाक तीनच्या आत वाटून आली नाही, त मंगळवारी मीच मटके भरते."

बोलून बसली खरी. घरी जाताना सदर बाजारात तिच्या हँडलचं टोक एका स्कूटरच्या आरशाला अडकलं, मागून चार जण ओरडले, आणि तिला उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. रोजचंच होतं ते.

सायकल देवीदासची. तोही याच खात्यात डाक वाटायचा. तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. उंचापुरा गडी, रुंद खांद्यांचा. मूळचं हँडल काढून त्यानं हौसेनं लांबलचक सरळ हँडल बसवलं होतं. त्यावर छाती फुलून दिसते म्हणायचा. तो गेल्यावर सरलानं सीट खाली केली, खांद्याला बाम चोळला, डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या. हँडलकडे कुणी पाहिलं नाही. देवीदासच्या वस्तूत खोट असेल, हे त्या घरात कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

तिची सासू कमलाबाई साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांचे ब्लाउज शिवायची. रविवारी सकाळी तिनं सरलाचा ब्लाउज उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हा पुन्हा काखेत उसवला. पाऱ्यातल्या एकीचा उसवत नाही, तुहाच काहून? माह्या हाताले खोट लागली काय?"

"नाही आत्याबाई. सायकलनं होते."

"सायकलनं? बस बरं सायकलवर."

सरला अंगणात सायकलवर बसली. कमलाबाई गळ्यात टेप घालून मागे उभी राहिली आणि गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं बघू लागली. सुनेचे हात दोन्ही बाजूंना ताणले होते, मान खांद्यांत रुतली होती. तिनं टेप लावली. या हाडापासून त्या हाडापर्यंत तेरा इंच. मग हँडलवर लावली. चोवीस.

तिनं टेप पुन्हा गळ्यात घातली.

"देवीदासचा खांदा साडेसतरा होता," ती म्हणाली. "त्याचा सदरा घालून फिरून राहिली तू तीन वर्षं. चाल, कापून आनू."

"आत्याबाई, त्याईनं हौसेनं बसवलं होतं ते."

"मले सांगते? त्याचे सदरे मीच शिवले ना!" तिचा आवाज चिरकला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चपला घातल्या.

सायकलवाला भैय्यालाल ऐकून हसलाच. "अम्मा, हँडल का नाप कौन देता है? कंपनी जैसा भेजती है, वैसाच लगता है. और काटा तो फिर जुड़ेगा नहीं."

"कापड तरी कुठे जुडते? खांदा तेरा. दोन्हीकडे एकेका मुठीले साडेतीन. किती झाले?"

"बीस."

"हव. पन आधी कच्चा टाका घाल."

भैय्यालालला कच्चा टाका समजेना, तेव्हा तिनंच दाखवलं. हँडलच्या मुठी काढ, ब्रेक आत सरकव, तिला तिथं धरून एक चक्कर मारू दे. सरला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली. उतरली तेव्हा हसत होती. "अंग सैल झालं वं आत्याबाई!" भैय्यालालनं मुकाट्यानं खडूच्या खुणा केल्या आणि आरी घेतली. कमलाबाईनं तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड केलं. नव्या मुठी बसल्यावर जुन्या दोन आणि कापलेले दोन तुकडे तिनं रुमालात बांधून घेतले.

सोमवारी बाजार नेहमीसारखाच तुंबला होता. सरला उतरली नाही. दोन हातगाड्यांमधून सळकन निघाली, घंटी वाजवत. तिसरं कार्यालय झालं, सहावं झालं, बोटं जागी होती. आठव्या बंगल्यातला शिपाई अजून जेवणाचा डबा उघडत होता. त्याला वाटलं, आपलंच घड्याळ मागे पडलंय.

तिनं डाक पोचल्याच्या सह्यांचं प्यून बुक टेबलावर ठेवलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. नीलकंठबाबूंनी अकराच्या अकरा सह्या बोट लावून तपासल्या, पान उलटून पुन्हा तपासल्या.

"काय केलं हो तुमी?"

"काही नाही बाबूजी. सायकल अंगाची करून घेतली."

नीलकंठबाबूंचा हात चष्म्याकडे गेला, पण तो स्वच्छ होता. ते दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "नत्थू, पानी आन. सरलाबाई उन्हातून आल्या."

सरला खुर्चीवर बसून पाणी प्यायली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

घरी आली तर कमलाबाई जमिनीवर कापड पसरून बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मले माहीत होतं. बस, तुह्यासाठीच ब्लाउज बेतून राहिली. हा नाही उसवत आता." पंखा चालू होता. कापडाच्या दोन कोपऱ्यांवर देवीदासच्या जुन्या, बोटांनी झिजलेल्या मुठी ठेवल्या होत्या, आत वजनाला ते कापलेले लोखंडी तुकडे घातलेले. कमलाबाईनं कात्री चालवली. कापड जागचं हललं नाही.